आधी घड्याळ, मग आवाज: नाट्यगृहातल्या स्विचची मांडणी

नाट्यगृहाच्या रॅकमध्ये जो नेटवर्क स्विच, म्हणजे वायरींनी जोडलेल्या यंत्रांमध्ये डेटा इकडून तिकडे पोचवणारा डबा, बसतो तो बहुतेक वेळा ऑफिससाठी बनवलेला असतो. कोणाला आधी सोडायचं, कोणाला थांबवायचं याची कोष्टकं त्यात आधीच भरलेली असतात, आणि ती भरणाऱ्याच्या डोळ्यापुढे टेलिफोन आणि संगणक असतात. आपण त्यावर मिक्सर, स्टेज बॉक्स (रंगमंचावरचे माइक ज्याला जोडतात तो डबा) आणि अ‍ॅम्प्लिफायर चढवतो. हिरवे दिवे लुकलुकतात, आवाज येतो, आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. मी सांगलीत नाटकांच्या आणि सभागृहांच्या ध्वनीचं काम करतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिलं नाटक उभं केलं ते याच गावात, आणि इथला प्रेक्षक आजही शब्द ऐकायला येतो. वाक्यातलं शेवटचं क्रियापद गेलं तर अख्खा हशा जातो. म्हणून स्विचच्या आतल्या कोष्टकांबद्दल मी एवढा हट्ट धरतो, आणि म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्या सभागृहाचं उदाहरण घेतोय तिथे दोन स्विच आहेत. एक रंगमंचाच्या डाव्या विंगेमागे, दुसरा प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला मिक्सरच्या टेबलाखाली. दोघांना जोडणारी एकच फायबर, एक गिगाबिटची. सगळा आवाज डांटेवरून जातो. डांटे म्हणजे सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची पद्धत: माइकचा आवाज साध्या नेटवर्कच्या वायरीतून पॅकेट करून, म्हणजे छोट्या तुकड्यांत बांधून, पाठवायचा. पूर्वी जाडजूड मल्टीकोर केबल ओढायचो, तिच्या जागी आता एक कॅट सिक्स किंवा फायबर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा आवाजाच्या एका चॅनेलला सुमारे दीड मेगाबिट लागतात. ३२ चॅनेलचा स्टेज बॉक्स असेल तर ४८ मेगाबिट. हजारात अठ्ठेचाळीस. कागदावर हा हिशोब इतका सैल दिसतो की प्राधान्याचा विचार कशाला, असं कोणालाही वाटेल.

तिथे दुसऱ्या अंकात आवाज तुटायचा. आधी एक बारीक ‘चट्’, मग अर्ध्या सेकंदाची शांतता. रोज नाही, पहिल्या अंकात तर जवळपास कधीच नाही. लोकांनी माइकच्या बॅटऱ्या बदलल्या, वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी बदलल्या, एका कंपनीच्या तंत्रज्ञाने स्टेज बॉक्सच बदलून बघितला. मला बोलावलं तेव्हा मी लॅपटॉपवर डांटे कंट्रोलर (डांटेची यंत्रं जोडण्याचा आणि तपासण्याचा प्रोग्राम) उघडून घड्याळाच्या स्थितीचं पान लावून बसलो, आणि शेजारी दोन्ही स्विचच्या पोर्टवरचे, म्हणजे वायर लावायच्या खाचांवरचे, आकडे. तुटण्याच्या वेळी फायबरवरची वाहतूक वाढत होती, पण सरासरी तिशी-चाळिशीच्या टक्क्यांपुढे जात नव्हती.

शोधता शोधता उत्तर ऑफिसात सापडलं. सभागृहाच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात होतं तो डबा विंगेमागच्या स्विचवर, आणि ऑफिसचा संगणक मिक्सरखालच्या स्विचवर. साडेनऊचा प्रयोग सुरू झाला, तिकीट खिडकी बंद झाली की ऑफिसातले भाऊ निवांत होऊन, दुसऱ्या अंकाच्या सुमारास, दिवसभराचं चित्रीकरण आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे. त्यांचं काम त्यांच्या जागी बरोबर होतं. ती फाइल मात्र माइकच्याच दिशेने, त्याच फायबरवरून येत होती.

मग सरासरी कमी का दिसायची? पोर्टचा आकडा काही सेकंदांची किंवा मिनिटांची सरासरी सांगतो. फाइल उतरवणारा संगणक मात्र डेटा झोताझोताने ओढतो. झोत सुरू असताना रेकॉर्डरचं पोर्ट पूर्ण गिगाबिटने ओतत असतं, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा झोत. झोताच्या त्या क्षणी फायबरकडे एक गिगाबिट अधिक आवाजाचे ४८ मेगाबिट येतात, म्हणजे जातं त्याहून ४८ मेगाबिट जास्त. जे जास्त ते रांगेत थांबतं. १५०० बाइटचं एक मोठं पॅकेट गिगाबिटच्या वायरीवर चढायला सुमारे १२ मायक्रोसेकंद घेतं. अशी शंभर पॅकेट पुढे उभी असली की मागच्या पॅकेटला १.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. एवढी रांग साचायला पंचवीस-एक मिलिसेकंदांचा झोत पुरतो. आणि डांटेची यंत्रं साधारणपणे १ मिलिसेकंदाच्या विलंबावर लावलेली असतात. त्यानंतर पोचलेलं पॅकेट मिक्सरच्या लेखी न आलेल्यासारखंच. फायबरची क्षमता भरपूर होती, तरी वाक्यातला शब्द रांगेत अडकत होता.

‘व्हीएलएन वेगळं करा’, म्हणजे एकाच स्विचच्या आत आभासी वेगळी नेटवर्कं पाडा, हा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो, आणि इथेही आधीच्या माणसाने तो अमलात आणलेला होता. आवाजाचं व्हीएलएन १०, कॅमेऱ्यांचं २०. व्हीएलएन केल्याने कॅमेऱ्यांच्या गोंगाटापासून आवाजाची यंत्रं वाचतात, पत्ते वेगळे राहतात, हे सगळं चांगलंच आहे. पण दोन्ही व्हीएलएन त्याच एका फायबरवरून जातात. सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या निम्म्या गाड्यांना पांढरा आणि निम्म्यांना निळा रंग दिला म्हणून पूल रुंद होत नाही. वेगळेपणा आणि प्राधान्य या स्विचमधल्या दोन निरनिराळ्या पानांवरच्या गोष्टी आहेत, आणि दुसरं पान कोणी उघडलंच नव्हतं.

आता ते दुसरं पान. प्रत्येक आयपी पॅकेटच्या डोक्यावर सहा बिटांचा एक आकडा असतो, डीएससीपी. ० ते ६३. १९९८ मध्ये ठरलेली ही रचना. पॅकेट पाठवणारं यंत्र त्यात आपली निकड लिहितं, आणि वाटेतला स्विच तो आकडा वाचून पॅकेट कोणत्या रांगेत उभं करायचं ते ठरवतो. डांटेची यंत्रं हा आकडा स्वतःच लिहितात: घड्याळाच्या पॅकेटवर ५६, आवाजाच्या पॅकेटवर ४६, एक राखीव ८, आणि बाकी सगळं ०. ऑडिनेटचं सांगणंही त्याच क्रमाने आहे: ५६ सर्वांत वर, मग ४६, मग ८, मग उरलेलं.

आवाजाच्या आधी घड्याळ का, हे मला विंगेतली मुलं नेहमी विचारतात. स्टेज बॉक्स सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, मिक्सरही तेवढेच वाचतो. दोघांची टिकटिक एकाच तालावर असायला हवी. नेटवर्कवरचं एक यंत्र लीडर होतं आणि बाकीच्यांना वेळ सांगत राहतं. ही वेळेची पॅकेट आकाराने लहान आणि संख्येने मोजकी, पण ती कधी लवकर, कधी उशिरा पोचायला लागली की ऐकणाऱ्या यंत्राचा ताल डळमळतो. फारच डळमळला तर ते यंत्र चुकीचा आवाज काढण्यापेक्षा स्वतःला म्यूट करून घेतं. ती अर्ध्या सेकंदाची शांतता यातून यायची. बारीक ‘चट्’ आवाजाचं पॅकेट उशिरा आल्यामुळे, आणि शांतता घड्याळ सुटल्यामुळे.

इथे ऑफिसच्या कोष्टकाची अडचण येते. आयपी फोनही आपल्या आवाजावर ४६ लिहितात. त्यामुळे काही स्विचवर कारखान्यातूनच ४६ सर्वांत वरच्या रांगेत आणि ५६ तिच्याखाली अशी नेमणूक असते. ऑफिसात ते योग्य आहे, तिथे बोलणाऱ्या माणसापेक्षा मोठं कोणी नाही. आपल्याकडे मात्र उलटं हवं. म्हणून मी पहिल्यांदा डीएससीपीचं कोष्टक उघडून चारही ओळी हाताने भरतो. चार रांगांच्या स्विचवर ५६ चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या रांगेत, ४६ तिसऱ्या, ८ दुसऱ्या, बाकी सगळं पहिल्या. ‘आपोआप क्यूओएस’ (क्यूओएस म्हणजे हेच प्राधान्य ठरवणं) नावाची सोय दिसली तर ती बंद ठेवतो, कारण ती पुन्हा फोनसाठीच लिहिलेली असते.

कोष्टक भरूनही काहीच फरक पडत नाही अशी तक्रार मी बरीच ऐकलीय. त्याचं कारण दुसरीकडे असतं. स्विच डीएससीपी वाचतो की ८०२.१पी वाचतो, हे वेगळं ठरवावं लागतं. ८०२.१पी हा व्हीएलएनच्या टॅगमधला, म्हणजे पॅकेट कोणत्या व्हीएलएनचं ते सांगणाऱ्या चिठ्ठीतला, तीन बिटांचा आकडा, ० ते ७. टॅग असतो दोन स्विचमधल्या ट्रंकवर, म्हणजे सगळी व्हीएलएन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर. स्टेज बॉक्सकडून साध्या पोर्टवर येणाऱ्या पॅकेटला टॅगच नसतो, तर तो आकडा कुठून असणार? मग स्विच त्याला शून्य धरतो आणि वर लिहिलेल्या ५६ कडे बघतही नाही. बऱ्याच स्विचवर विश्वास ठेवण्याची पद्धत मुळात ८०२.१पी वर असते, ती डीएससीपीवर आणावी लागते. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे ‘एमएलएस क्यूओएस’ ही आज्ञा दिली की सगळी पोर्टं अविश्वासू ठरतात आणि आलेला प्रत्येक डीएससीपी पुसून शून्य होतो. पोर्टवर ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ लिहाल तेव्हाच तो जिवंत राहतो. फिरत्या संचांकडे असे सेकंडहँड स्विच पुष्कळ असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. अर्धी आज्ञा देण्यापेक्षा त्या स्विचला हात न लावलेला बरा.

विश्वास सगळ्यांवर ठेवायचा नाही. आवाजाच्या पोर्टांवर हो, कॅमेरे, ऑफिस आणि वायफायच्या पोर्टांवर नाही. तिथून काहीही लिहून आलं तरी ते तळाच्या रांगेत जायला हवं. संगणकावरचा एखादा व्हिडिओ कॉलही आपल्या पॅकेटवर ४६ लिहू शकतो, आणि मग तो नटाच्या शेजारी येऊन उभा राहतो.

रांगा ठरल्या की सोडण्याची पद्धत. वरच्या दोन रांगा मी कडक प्राधान्यावर ठेवतो: त्यात काही असेल तोवर खालचं हलणार नाही. खालच्या दोन वाटणीवर. कडक प्राधान्याची भीती असते की वरचा खात राहील आणि खालचा उपाशी मरेल. इथे ती भीती नाही, कारण वरच्यांची भूक ठरलेली आहे. बत्तीस चॅनेल म्हणजे ४८ मेगाबिट, चौसष्ट म्हणजे ९६. त्याहून जास्त ते मागूच शकत नाहीत. उरलेले नऊशे मेगाबिट कॅमेऱ्यांचेच. ऑफिसातल्या भाऊंची फाइल उतरायला किंचित जास्त वेळ लागला असेल, पण त्यांना ते कळलंही नाही.

आणखी तीन गोष्टी त्याच बैठकीत उरकतो. वीज वाचवणारं ८०२.३एझेड सगळ्या आवाजाच्या पोर्टांवर बंद, कारण डुलकी घेऊन उठणाऱ्या पोर्टमुळे घड्याळाची पॅकेट मागेपुढे होतात. फ्लो कंट्रोल बंद: त्याचा ‘थांब’ असा निरोप आला की पोर्ट सगळ्यांनाच थांबवतं, ५६ वाल्यालाही. आणि मल्टिकास्ट, म्हणजे एकच आवाज एकदम अनेक यंत्रांना पाठवणं, वापरत असाल तर आयजीएमपी स्नूपिंग (ज्याने मागितलं त्याच्याच पोर्टवर सोडणं) चालू, आणि कोणाला काय हवं ते विचारणारा क्वेरिअर एकाच स्विचवर. हे शेवटचं विसरलं तर काय होतं बघा: ६४ चॅनेल मल्टिकास्टने सोडले की ९६ मेगाबिट प्रत्येक पोर्टवर ओतले जातात, आणि मेकअप रूममधल्या स्पीकरसाठी लावलेलं १०० मेगाबिटचं छोटं यंत्र गुदमरतं. तिथे कोणतंही प्राधान्य उपयोगी नाही, कारण ती गर्दी सगळी ४६ वाल्यांचीच असते.

तपासणी मी लाइन चेकच्या, म्हणजे प्रयोगाआधी एकेक माइक तपासण्याच्या, वेळी करतो. मामांना, म्हणजे सभागृहाच्या वायरमनना, ऑफिसात बसवून सर्वांत मोठी फाइल उतरवायला लावतो, आणि इकडे डांटे कंट्रोलरमधला विलंबाचा आलेख बघतो. मांडणीआधी त्याची शेपटी लांब पसरायची. आता पट्ट्या डावीकडे, म्हणजे कमी विलंबाकडे, गोळा होऊन उभ्या राहतात. मामांनी फाइल चालू ठेवून येऊन विचारलं, “झालं का रे? चालू ठेवू का अजून?” तो आलेख त्यांना दाखवताना मला फार बरं वाटलं.

आता दुसरा विषय, ज्याकडे आमच्या धंद्यात कोणी बघत नाही: या स्विचमध्ये शिरू कोण शकतं?

सभागृहाच्या स्विचवर रोज नवी माणसं आपले लॅपटॉप लावतात. आज नाटक, उद्या शाळेचं स्नेहसंमेलन, परवा ऑर्केस्ट्रा. पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेलाच होता. एकदा पोर्ट ७ चं व्हीएलएन कोणीतरी बदललेलं सापडलं. लॉगमध्ये, म्हणजे स्विचच्या नोंदींत, नाव नुसतं ‘अ‍ॅडमिन’, आणि तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, कारण या स्विचला स्वतःची बॅटरी नाही आणि वीज गेली की त्याचं घड्याळ मुळापासून सुरू होतं. कोणी केलं ते त्यावरून कधीच कळणार नव्हतं.

म्हणून आता असं आहे. देखभालीसाठी वेगळं व्हीएलएन, ९९. स्विचचा पत्ता फक्त त्यात. प्रत्येक स्विचवर त्यासाठी एकच पोर्ट, २४ नंबरचं, त्यावर लाल टेप. आवाजाच्या पोर्टवर लॅपटॉप लावलात तर डांटे कंट्रोलर पूर्ण चालेल, पॅचिंग करा, नावं बदला, पण स्विचचं पान उघडणार नाही. दुरून स्विचमध्ये शिरण्याचं जुनं टेलनेट बंद, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. साधं एचटीटीपी बंद, त्यांच्या जागी कुलूपबंद एचटीटीपीएस आणि एसएसएच चालू, तेही ठरावीक पत्त्यांवरूनच. एसएनएमपीमध्ये, म्हणजे स्विचची स्थिती दुरून विचारण्याच्या सोयीत, ‘पब्लिक’ हा पासवर्डसारखा शब्द वर्षानुवर्षं तसाच पडलेला होता. त्याची दुसरी आवृत्तीही हा शब्द उघडाच पाठवते, म्हणून ती काढली आणि गरज लागेल तेव्हा तिसरी लावायची ठरवली. मला एक खातं, सभागृहाच्या तंत्रज्ञाला दुसरं, आणि तिसरं फक्त बघण्यापुरतं. वेळ आता सभागृहाच्या राउटरकडून येते, त्यामुळे लॉगमधली तारीख खरी असते.

वापरात नसलेल्या सेवाही बंद केल्या पाहिजेत. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीतून इराण, रशिया आणि इतर देशांतल्या पुष्कळ स्विचचं कॉन्फिगरेशन पुसलं गेलं. ती सोय नवीन स्विच आपोआप मांडण्यासाठी होती आणि ४७८६ या पोर्टवर उघडी राहायची. ज्यांनी ती कधी वापरली नव्हती त्यांच्याकडेही ती चालूच होती. आपलं सभागृह एवढं मोठं लक्ष्य नसेल, पण वायफायचा राउटर त्याच रॅकमध्ये आहे.

प्रवेश बंद करताना क्रम महत्त्वाचा. मी आधी २४ नंबरच्या पोर्टवरून आत शिरून दाखवतो, मगच बाकीचे दरवाजे लावतो. आणि नवीन मांडणी लगेच सेव्ह करत नाही. स्विचमध्ये चालू मांडणी वेगळी आणि वीज आल्यावर वाचायची मांडणी वेगळी असते. सेव्ह केलेलं नसेल आणि स्वतःच बाहेर अडकलो तर प्लग काढून परत लावला की जुनी स्थिती येते. सिस्कोच्या मोठ्या स्विचवर ‘रिलोड इन १०’ लिहून ठेवता येतं, दहा मिनिटांत आपण ते रद्द केलं नाही तर तो आपणच परत सुरू होतो. सगळं दुसऱ्या लॅपटॉपवरूनही तपासून झालं की सेव्ह, फाइलची एक प्रत माझ्याकडे, एक पेन ड्राइव्हवर रॅकमध्ये. स्विचशी थेट बोलायची कन्सोलची फिकट निळी केबल रॅकच्या दारालाच बांधलेली. पासवर्ड बंद पाकिटात व्यवस्थापकांच्या कपाटात.

मुंबईहून आलेल्या एका संचाचा ध्वनिवाला मुलगा म्हणाला, “दादा, स्विचचा पासवर्ड द्या ना, मी सकाळी परत करतो सगळं होतं तसं.” मी त्याला विचारलं, काय बदलायचंय? त्याला दोन पोर्ट कमी पडत होती. ती मी उघडून दिली आणि बघण्यापुरतं खातंही दिलं. तो मुलगा तिसऱ्या घंटेपर्यंत पोर्टांचे आकडे वाचत बसला होता, आणि मध्यंतरात येऊन डीएससीपीचं कोष्टक वहीत उतरवून घेऊन गेला.

एक सूचना मात्र त्याला दिली, तीच इथेही. काही संच आता एईएस६७ वर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना आवाज देता-घेता यावा म्हणून ठरवलेल्या सामाईक पद्धतीवर, चालणारे मिक्सर आणतात. त्यात ४६ हा आकडा घड्याळाचा आहे, आणि आवाजाचा ३४. आमच्या मूळ कोष्टकात ३४ तळाच्या रांगेत पडत होता, कॅमेऱ्यांच्या फायलींसोबत. आठ रांगांचा स्विच असेल तर ३४ साठी ४६ च्या खालोखाल स्वतंत्र रांग काढा. चारच असतील तर त्याला दुसऱ्या रांगेत घ्या आणि ती रांगही कडक प्राधान्यावर आणा. ८ वाली पॅकेट तिथे तशीही जवळपास नसतात. आमच्या दोन्ही स्विचवर हा बदल केलाय. पावसाळा संपून हंगाम सुरू झाला की असा मिक्सर घेऊन येणाऱ्या पहिल्या संचाबरोबर, भाऊंची फाइल चालू ठेवूनच, विलंबाचा आलेख पुन्हा काढायचाय.